सातबाऱ्याची नोंद आणि प्रकारबद्ध संग्रह : जेसनच्या रूपांतराचा पूर्वेतिहास

स्प्रेडशीटच्या एखाद्या चौकटीत आंतरराष्ट्रीय अंकांनी ७/१२ असे लिहिले असता ते तसेच राहत नाही. यंत्राची मांडणी भारतीय पद्धतीची असल्यास तेथे ७ डिसेंबर उमटतो. अमेरिकन असल्यास १२ जुलै. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास ज्या कागदाहून महत्त्वाचा दुसरा कागद नाही, त्याचे नावच यंत्राने तारीख म्हणून वाचावे ही गोष्ट प्रथमदर्शनी हसण्यासारखी आहे. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ह्याच कारणाने २०२० मध्ये काही जनुकांची नावे बदलली. ‘मार्च’ व ‘सेप्ट’ ह्या अक्षरांनी आरंभ होणारी नावे स्प्रेडशीट महिन्यांची म्हणून वाचीत असे. यंत्राने माणसाची रीत शिकण्याऐवजी शास्त्राने आपली परिभाषा यंत्राच्या सोयीने बदलली. सातबाऱ्याचे नाव मात्र कोणी बदललेले नाही, आणि बदलू म्हटले तरी ते लोकांच्या तोंडून जाणार नाही.

दोन्ही ठिकाणी घडले ते एकच. अक्षरांची एक ओळ आली. ती कोणत्या प्रकारची आहे हे ओळीत लिहिलेले नव्हते. वाचणाऱ्याने ते स्वतः ठरविले. वस्तुकेंद्री आज्ञावलीलेखनात हे रोजचे काम आहे. एका यंत्रणेकडून माहिती जेसनच्या रूपाने येते आणि घेणारी आज्ञावली तिच्यापासून ‘खातेदारांची यादी’, ‘भूमापन क्रमांकांचा कोश’, ‘पिकांचा संच’ असे प्रकारबद्ध संग्रह उभे करते. पाठ्यपुस्तकांत हे काम दोन ओळींत उरकलेले असते. त्या दोन ओळींत काय काय गृहीत धरलेले आहे ह्याचा इतिहास मात्र लांब आहे, आणि तो संगणकापाशी सुरू होत नाही.

खानदेशापुरते बोलावयाचे तर तो निदान १८५२ पर्यंत मागे नेता येतो. १८१८ मध्ये येथे इंग्रजी अमल आला तेव्हा जमिनीचे माप बिघ्यात होते, आणि बिघा सर्वत्र सारखा नव्हता. गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जी मोजणीची पद्धत सुरू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने जिला नियमांचे रूप मिळाले, ती १८५२ मध्ये खानदेशात आली. तिच्यामुळे शेताला क्रमांक मिळाला, क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिले जाऊ लागले आणि मातीची नऊ प्रतींत प्रतबंदी झाली. सर्वोत्तम मातीस १६ आणे. तेथून उतरत सर्वांत हलक्या मातीस २ आणे. मातीत चुनखड आहे, जमिनीस उतार आहे, पाणी साचते, असा एखादा दोष आढळला की प्रत एका पायरीने खाली येई. शेतकऱ्यास आपल्या शेताविषयी शंभर गोष्टी ठाऊक असत. मोजणीदाराच्या वहीत ज्यांना रकाना होता तेवढ्याच शिरत. यावल, सावदा, एरंडोल ह्या भागांत त्या वर्षी रयत मोठ्या जमावाने मोजणीविरुद्ध उभी राहिली आणि सरकारने फौजेच्या बळावर तो विरोध मोडला. सारावाढीची भीती हे विरोधाचे मुख्य कारण होते. त्यास परिभाषेचा वाद ठरविणे अतिशयोक्तीचे होईल. तरी आपल्या वस्तूचा प्रकार दुसऱ्याने ठरवावा आणि त्यावरून आपले देणे निघावे, ह्याविषयीची रयतेची शंका योग्य जागी आली होती, एवढे म्हणावयास हरकत नाही.

पुढे १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेख ठेवण्याची पद्धत आली, अँडरसन ह्यांच्या महसुली हिशेबांवरील पुस्तिकेने गावनमुने स्थिर केले, आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ व त्याखालील १९७१ चे नियम ह्यांनी आजची चौकट दिली. गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख. गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. त्यातील प्रत्येक रकान्यास आपला प्रकार आहे, मग तो कोणी त्या शब्दाने सांगितलेला असो वा नसो. भूमापन क्रमांकाच्या रकान्यात पीक लिहिता येत नाही. जिरायत व बागायत ह्या मोजक्या नावांपैकीच एक नाव लिहावे लागते. अधिनियमाच्या कलम २९ मध्ये तर भोगवटादारांचे ‘वर्ग १’ व ‘वर्ग २’ केलेले आहेत. पहिल्यास जमीन हस्तांतरित करण्याची मोकळीक, दुसऱ्यावर निर्बंध. आणि वारसास जमीन मिळते ती त्या निर्बंधासह मिळते. संगणकाच्या परिभाषेत वर्ग आणि वारसा हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात, त्याच्या कितीतरी आधी ते तलाठ्याच्या दप्तरात शेजारी बसलेले होते.

संगणकविश्वात वर्गाची कल्पना प्रथम ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल व क्रिस्टेन नीगार्ड ह्यांनी घडविलेल्या सिम्युला ६७ ह्या भाषेत आली. वस्तू कशी असेल व तिच्यावर कोणत्या क्रिया चालतील हे वर्ग सांगतो. प्रत्येक वस्तू कोणत्या तरी वर्गाची असते. वस्तूंच्या संग्रहास प्रकार देण्याचा प्रश्न त्यानंतरचा आहे. एका शेताचा प्रकार ठरविणे सोपे. ‘शेतांची यादी’ हा स्वतंत्र प्रकार मानावयाचा की ‘यादी’ हा एकच प्रकार मानून आत काहीही ठेवू द्यावयाचे? १९७० च्या दशकात एडिंबरो येथे रॉबिन मिल्नर ह्यांच्या एमएल ह्या भाषेने आणि अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे बार्बरा लिस्कॉव्ह ह्यांच्या क्लू ह्या भाषेने पहिला मार्ग दाखविला. यादी ही एक रचना, आणि तिच्यातील घटकाचा प्रकार हे त्या रचनेचे रिकामे ठेवलेले स्थान. भाषाभ्यासकास हे नवे वाटू नये. वाक्यरचनेत कर्त्याची जागा असते. ती कोणत्या नामाने भरावी ह्यास बंधन असते. परंतु जागा ही नामाहून वेगळी वस्तू असते.

सर्वत्र पसरलेल्या जावा ह्या भाषेने मात्र आरंभी दुसरा मार्ग धरला. १९९५ मध्ये ती जाहीर झाली. १९९८ च्या आवृत्तीत यादी, संच व कोश ह्या संग्रहांची सुबक व्यवस्था आली. परंतु त्या संग्रहांत काय आहे हे संग्रहास ठाऊक नसे. आत टाकताना सर्व काही केवळ ‘वस्तू’, आणि बाहेर काढताना ही अमुक प्रकारची आहे असे आज्ञावलीकाराने आपल्या जबाबदारीवर सांगावयाचे. २००४ च्या पाचव्या आवृत्तीत संग्रहास घटकाचा प्रकार देण्याची सोय झाली. जुन्या आज्ञावल्या नव्याबरोबर चालत राहाव्यात म्हणून तेथे एक तडजोड करण्यात आली. कंपायलर प्रकार तपासतो, आणि तपासून झाल्यावर तो पुसून टाकतो. आज्ञावली प्रत्यक्ष चालू असता ‘खातेदारांची यादी’ आणि ‘पिकांची यादी’ ह्या दोन्ही केवळ याद्या असतात. ह्यास मराठीत प्रकारलोप म्हणणे उचित होईल. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डॉट-नेटने हीच सोय दिली, परंतु तेथे घटकाचा प्रकार चालत्या आज्ञावलीतही टिकून राहतो. जेसन वाचताना ह्या दोन निर्णयांतील अंतर पदोपदी जाणवते.

जेसन हा ह्या इतिहासातील सर्वांत साधा आणि म्हणूनच सर्वांत फसवा टप्पा आहे. डग्लस क्रॉकफर्ड व चिप मॉर्निंगस्टार ह्यांनी २००१ मध्ये जावास्क्रिप्ट ह्या भाषेत वस्तू लिहिण्याची जी रीत होती तीच माहितीच्या देवघेवीसाठी वापरली. २००६ मध्ये तिचे पहिले प्रमाणपत्रक निघाले, २०१३ मध्ये एक्मा ह्या युरोपीय संस्थेने तिला आपले प्रमाण दिले आणि २०१७ मध्ये इंटरनेटच्या प्रमाणपत्रकाची सुधारलेली आवृत्ती आली. व्याकरण इतके लहान की ते एका पृष्ठावर मावते. अक्षरमाला, संख्या, खरे-खोटे आणि ‘काही नाही’ ही साधी मूल्ये. नाव-मूल्यांच्या जोड्यांचा समूह व क्रमवार यादी ह्या दोन रचना. एवढ्यावर सर्व काम भागवावयाचे. तारीख नाही, क्षेत्रफळ नाही, संच नाही, वर्ग तर नाहीच. पूर्वीच्या काही पद्धतींत पाठविणारा माहितीबरोबर तिचा प्रकारही पाठवी. जेसनने ते ओझे टाकून दिले आणि ह्या हलकेपणामुळेच ती सर्वत्र गेली. परिणाम असा की प्रकार ठरविण्याचे सारे काम घेणाऱ्याच्या पदरी आले. पाठविणाऱ्याच्या मनात काय होते हे ओळीत नसते. घेणाऱ्याच्या वर्गात काय लिहिले आहे तेच अखेर खरे ठरते.

हे प्रत्यक्ष कसे घडते हे पाहण्यास पिंप्राळा हे गाव सोयीचे आहे. आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी ओळखले जाणारे हे गाव आज जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. पण जमिनीच्या दप्तरात ‘मौजे पिंप्राळा’ हे नाव कायम असून त्याच्या शिवारात शेतजमीन आणि बिनशेती भूखंड एकमेकांस लागून आहेत. तेथील एक काल्पनिक नोंद जेसनमध्ये अशी लिहिता येईल :

{"गाव": "पिंप्राळा", "भूमापन": "१२/१", "क्षेत्र": "१.२०.००", "खातेदार": ["…", "…"], "इतरहक्क": "…"}

पहिली अडचण अंकांचीच. जेसनच्या व्याकरणात संख्या लिहावयाची तर शून्य ते नऊ हे आंतरराष्ट्रीय अंकच चालतात. देवनागरी ७ हा तेथे अंक नव्हे, अक्षर होय. म्हणून मराठी अंकांतील प्रत्येक संख्येला अक्षरमाला म्हणूनच प्रवास करावा लागतो आणि ती पुन्हा संख्या व्हावयाची की नाही हे घेणाऱ्या भाषेवर अवलंबून राहते. जावाच्या पूर्णांक वाचण्याच्या क्रियेस देवनागरी अंक समजतात. जावास्क्रिप्टची संख्या करण्याची क्रिया ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर देते. सी-शार्पची क्रिया चूक म्हणून परत फिरते. एकच ओळ, एकच लिपी, आणि तीन भाषांत दोन निकाल.

भूमापन क्रमांकाची गोष्ट ह्याहून बोधक आहे. त्यास क्रमांक म्हणतात म्हणून नवखा आज्ञावलीकार त्यास संख्येचा प्रकार देतो. परंतु १२/१ हा अपूर्णांक नव्हे. बाराव्या शेताचा तो पहिला हिस्सा. त्यात बेरीज-वजाबाकीस अर्थ नाही, आणि हिस्सा न पडलेल्या शेताचा ‘१२’ हाही संख्येचे रूप घेतलेला एक नामनिर्देशच आहे. प्रकार न सांगता जेसन वाचावयास लावले असता जीसन हे गूगलने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेले जावाचे साधन सर्व संख्या दशांशयुक्त मानते. गट क्रमांक १२ चा १२.० होतो. ही चूक निदान डोळ्यांस दिसते. मोठ्या क्रमांकांची चूक दिसतही नाही. जेसनच्या प्रमाणपत्रकानुसार ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ च्या पलीकडील पूर्णांक सर्व यंत्रणा सारखाच वाचतील असा भरवसा नाही. ट्विटरच्या संदेशांचे क्रमांक २०१० मध्ये ही मर्यादा ओलांडू लागले, तेव्हा त्या संस्थेने प्रत्येक क्रमांक दोनदा, एकदा संख्या म्हणून व एकदा अक्षरमाला म्हणून, पाठविण्यास आरंभ केला. नाव आणि संख्या ह्यांतील भेद विसरल्याची ही किंमत होती.

क्षेत्राच्या रकान्यात तर पैशांचाच प्रश्न येतो. एकर-गुंठ्यांच्या काळात १-२० म्हणजे दीड एकर. ४० गुंठ्यांचा एकर असल्यामुळे तेथील आडवी रेघ दशांशचिन्ह नव्हे हे शाळकरी मुलासही ठाऊक असे. हेक्टर-आर आले आणि शंभराचे माप झाल्यामुळे रेघेच्या जागी टिंब बसले. तेव्हापासून माप आणि दशांश ह्यांची गल्लत होऊ लागली. १ हेक्टर २० आर हे क्षेत्र कोणी जेसनची संख्या म्हणून १.२० असे पाठविले, तर वाचणारे यंत्र शेवटचे शून्य निरर्थक समजून १.२ ठेवते. गणितदृष्ट्या काहीच बिघडले नाही; पण छापील कागदावर १.२ पाहणारा माणूस १ हेक्टर २ आर असे वाचील आणि जवळजवळ १८ गुंठे जमीन कागदावरून नाहीशी होईल. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा शेतीचे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर ह्या तीन अंगांनी आणि बिनशेतीचे आर, चौरस मीटर ह्या दोन अंगांनी लिहिण्याचे ठरले. पिंप्राळ्यासारख्या शिवारात दोन्ही शेजारी आहेत. तेथे २०.५० ह्या ओळीचा अर्थ एका ठिकाणी २० आर ५० चौरस मीटर. तीच ओळ हेक्टर-आर समजून वाचली तर क्षेत्र शंभरपट. अशा वेळी क्षेत्रास संख्या किंवा अक्षरमाला ह्यांपैकी काहीही म्हणणे अपुरे आहे. ‘क्षेत्रफळ’ असा स्वतंत्र वर्ग करून, त्यात माप व एकक दोन्ही ठेवून, ओळीचे रूपांतर त्या वर्गाच्या स्वाधीन करणे हाच सुरक्षित मार्ग होय. टंकलेखनाचे श्रम वाचविण्यासाठी हा वर्ग टाळणारे आज्ञावलीकार बरेच आहेत.

आता संग्रह. जेसनकडे एकच क्रमवार यादी आहे. घेणारा तिच्यापासून यादी करतो, संच करतो की कोश करतो, ह्यावर खातेदारांचे भवितव्य ठरते. संचात एक घटक दोनदा राहू शकत नाही, आणि ‘एक’ म्हणजे काय हे वर्ग सांगतो. समजा, वर्गाने नाव व आडनाव सारखे असल्यास व्यक्ती एक मानली. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपली रीत असल्यामुळे एका खात्यात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ असणे नवलाचे नाही. संच करताच त्यांतील एक गळतो, आणि कोठेही चुकीचा इशारा येत नाही. कोशात हाच प्रकार किल्लीच्या बाबतीत होतो. गावाच्या नावाची किल्ली केली तर जळगाव जिल्ह्यात पिंपळापासून बनलेली पिंप्री, पिंपळे, पिंप्राळे अशी गावे पुष्कळ. लेखनभेदाने एका गावाच्या दोन किल्ल्या होतात, किंवा दोन गावांची एक होऊन मागची नोंद पुढचीस पुसते. मराठी लिपीच्या संगणकीय लेखनात आणखी एक खोच आहे. ‘बऱ्हाणपूर’ ह्या शब्दातील अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन शब्द आहेत, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ते एक होत नाहीत. सातबाऱ्याच्या नव्या नमुन्यात गावाच्या नावाबरोबर गावाचा संकेतांक देण्यास सुरुवात झाली, हे ह्या दृष्टीने शहाणपणाचे झाले.

प्रकारलोपाचा परिणाम येथेच येऊन मिळतो. जावामध्ये जॅक्सन ह्या साधनास ‘यादी दे’ एवढेच सांगितले तर ते यादी देते. परंतु तिच्यात खातेदार नसतात, नाव-मूल्यांचे कोश असतात. कंपायलर सावधगिरीची सूचना देतो, ती बहुधा दुर्लक्षिली जाते, आणि आज्ञावली पुढे चालते. दूर कोठे तरी, कदाचित दुसऱ्याच माणसाने लिहिलेल्या भागात, यादीतील पहिला घटक खातेदार म्हणून उचलला जातो आणि तेथे ती कोसळते. चूक झाली एकीकडे, दिसली दुसरीकडे. ह्यावर नील गॅफ्टर ह्यांनी २००६ मध्ये मांडलेली युक्ती मोठी मार्मिक आहे. लोप होतो तो वस्तूच्या अंगचा. वर्गाच्या व्याख्येत त्याच्या पूर्ववर्गाचा संपूर्ण प्रकार लिहिलेला राहतोच. म्हणून केवळ ‘खातेदारांची यादी’ हा प्रकार वाहून नेण्यासाठी एक निनावी उपवर्ग करावयाचा आणि साधनाने त्याच्या व्याख्येतून लोपलेला प्रकार परत वाचावयाचा. जीसन व जॅक्सन ह्या दोन्ही साधनांत ही सोय आहे. पाणिनीच्या व्याकरणाशी परिचय असणाऱ्यास येथे प्रत्यय लोपला तरी त्याच्यामुळे होणारे कार्य टिकते ह्या नियमाची आठवण होईल. साम्य वरवरचे नाही. दोन्हीकडे जे दिसत नाही त्याचे स्थान राखलेले आहे, आणि स्थान राखलेले असल्यामुळेच ते पुन्हा कामास येते.

लोप आणि अभाव ह्यांतील हा भेद जेसनच्या रूपांतरात फार वेळा मोडतो. नोंदीत क्षेत्र शून्य लिहिले असणे, ‘काही नाही’ असे लिहिले असणे, रिकामी अक्षरमाला असणे आणि क्षेत्राचा रकानाच नसणे ह्या चार वेगळ्या गोष्टी आहेत. जावाच्या साध्या पूर्णांकात त्यांपैकी तीन तरी शून्य होऊन बसू शकतात. शेत पड आहे, शेताचे पीक कोणी पाहिलेच नाही, आणि पाहणारा लिहावयास विसरला, ह्यांत भेद न करणाऱ्या नोंदवहीवरून विमा वा नुकसानभरपाई ठरविली तर काय होईल हे सांगावयास नको.

जन्मतारखेच्या बाबतीत तर समाजाने हा अन्याय यंत्राच्या पूर्वीच पचविलेला होता. महाराष्ट्रातील एका पिढीच्या शाळेच्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख वारंवार आढळते. पालकांस मुलाचे वय अंदाजाने ठाऊक असे. दाखल्यावर दिवस-महिना-वर्ष भरणे भाग होते. शाळा जूनमध्ये सुरू होई. तेव्हा गुरुजी १ जून लिहीत. रकान्याच्या प्रकारास पूर्ण तारीख हवी होती, म्हणून अपुऱ्या माहितीस खोटा पूर्णपणा आला. ह्याउलट उदाहरणही खानदेशातच सापडते. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या गावी देण्यात आले. त्या योजनेच्या ओळखपडताळणीच्या विनिर्देशात जन्मतारीख केवळ वर्षाच्या रूपातही चालते, आणि ती पडताळलेली, सांगितलेली की अंदाजाची, हे दर्शविणारी वेगळी खूण आहे. तारखेचा प्रकार आणि तारखेच्या खात्रीचा प्रकार हे येथे निराळे ठेवलेले आहेत. मात्र अशी नोंद घेणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीत जन्मतारखेचा रकाना ठरावीक ‘दिनांक’ ह्या वर्गाचा असेल, तर केवळ ‘१९५५’ ही ओळ एक तर नाकारली जाईल किंवा १ जानेवारी होऊन बसेल. जूनची जानेवारी झाली, एवढीच प्रगती.

भाषाशास्त्राच्या स्वतःच्या घरातही हेच घडत आले आहे, आणि खानदेशाइतके त्याचे ठळक उदाहरण थोडेच असेल. ग्रियर्सनने आपल्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ मध्ये, खानदेशीस भिल्ल भाषांबरोबर जागा दिली. जनगणनेत माणूस मातृभाषा म्हणून जे सांगतो ते तसेच लिहून घेतले जाते. ती अक्षरमालाच होय. २०११ च्या जनगणनेत अशी १९,५६९ निरनिराळी नावे आली. त्यांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा ठरल्या, १,४७४ नावे अवर्गीकृत म्हणून बाजूस पडली, आणि दहा हजारांहून अधिक भाषकांच्या १२१ भाषांखाली गटवारी झाली. अहिराणी सांगणारा माणूस ह्या रूपांतरात ‘खानदेशी’ ह्या भाषेखाली गेला. खानदेशीची संख्या २००१ मध्ये २०,७५,२५८ होती. २०११ मध्ये ती १८,६०,२३६ झाली. दहा वर्षांत दोन लाखांहून अधिक माणसे अहिराणी बोलावयाची थांबली, की विचारणाऱ्यापुढे मराठी सांगू लागली? प्रकारबद्ध तक्त्यास ह्याचे उत्तर देता येत नाही. मुळातील ओळी आणि त्या कोणत्या नियमाने कोठे गेल्या ह्याची नोंद जेथवर हाती असते, तेथवरच ते शोधता येते.

आज्ञावलीलेखनात हाच मुद्दा अनोळखी रकान्याच्या रूपाने उभा राहतो. वरील नोंदीतील ‘इतरहक्क’ ह्या नावास घेणाऱ्या वर्गात जागा नसेल तर काय करावे? जॅक्सन असा रकाना दिसताच पूर्वीच्या मूळ मांडणीत काम थांबवीत असे. जीसन तो मुकाट्याने टाकून देते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये दिलेले सिस्टिम-टेक्स्ट-जेसन हेही सांगितल्यावाचून थांबत नाही. सातबाऱ्यातील इतर हक्कांच्या रकान्यात काय असते हे खेड्यात कोणासही विचारावे : सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क, विहिरीतील हिस्सा, वहिवाटीची वाट, बहिणींची नावे. तो रकाना गळालेली ‘खातेदारांची यादी’ कंपायलरच्या दृष्टीने निर्दोष असते, आणि तिच्या भरवशावर जमीन घेणारा बुडतो. काम थांबविणारे साधन त्रासाचे म्हणून त्याची ती तपासणी बंद करण्याचा सल्ला आज्ञावलीकार एकमेकांस देतात; मालमत्तेच्या नोंदीपुरता तरी तो सल्ला घातक मानला पाहिजे.

जुन्या दप्तराची रीत येथे पाहण्यासारखी आहे. हस्तलिखित सातबाऱ्यात एखाद्याचे नाव कमी झाले तर तलाठी ते खोडून नाहीसे करीत नसे. तो त्यास कंस करी, खाली नवे नाव लिही, आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक टाकी. तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६ उघडला की नाव का कमी झाले, कोणत्या वारसाने वा खरेदीने नवे आले, हे सापडे. म्हणजे प्रकारबद्ध रकाना, त्यातून बाहेर पडलेले मूल्य आणि त्या बदलाचे कारण, ही तिन्ही एकत्र नांदत. जेसनच्या साधनांतही ह्यास जवळची सोय आहे, फक्त ती मागून घ्यावी लागते. वर्गात एक जादा कोश ठेवून, ज्या नावांस रकाना नाही ती सर्व मूल्यांसह त्यात जमा करावीत असे जॅक्सन व सिस्टिम-टेक्स्ट-जेसन ह्या दोघांनाही सांगता येते. नोंद पुन्हा लिहिताना ती मूल्ये जशीच्या तशी बाहेर पडतात. ज्या ओळीपासून वस्तू उभी केली ती मूळ ओळही तिच्याशेजारी ठेवता येते. साठवणीस त्याने थोडी अधिक जागा लागते, आणि कंस केलेल्या नावांनीही सातबाऱ्याच्या कागदावर जागा अडविलेलीच असे.